घरी शेवटचे आठवडे : गिळणं थांबण्याआधी औषधांचं काय काय ठरवून ठेवावं?

रानमोगरा (धागाकर्ती)

गोव्यात सत्तरी आणि डिचोली तालुक्यांच्या बाजूला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे घरोघरी जाणाऱ्या गटासाठी एक पानी तक्ता करायचाय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवायचा, घरच्यांनी आणि रात्रीच्या बाईने वाचायचा. डोस डॉक्टरच ठरवणार. तक्त्याचं काम एवढंच की ठरलेलं औषध ठरल्या वेळी, ठरल्या मापात जावं, आणि तोंडाने जाईनासं झालं की पुढे काय ते आधीच लिहिलेलं असावं.

नेहमीचं चित्र असं. कॅन्सर पसरलेला, वय सत्तरीच्या पुढे, जोडीला बीपी, शुगर, थायरॉइड. डब्यात चौदा प्रकारच्या गोळ्या. गिळणं जड झालं की घरचे आपल्या समजुतीने गोळ्या गाळायला लागतात आणि नेमक्या नको त्या गाळतात. बीपीची 'महत्त्वाची' म्हणून राहते, मॉर्फिन 'कडक' म्हणून जाते. शेवटी घोटभर पाण्याबरोबर जी एक गोळी जाते ती कोलेस्टेरॉलची असते.

काय थांबवायचं, गिळणं बंद झाल्यावर काय द्यायचं आणि रविवारी रात्री कोणाच्या भरवशावर राहायचं, या तिन्हीवर मुद्देसूद लिहा. अनुभवकथन नको, त्यासाठी दुसरा धागा आहे.

खाडीकाठ

आधी थांबवण्याबद्दल, कारण चौदाच्या सहा गोळ्या झाल्याशिवाय बाकीचं काही नीट होत नाही.

प्रत्येक गोळीला एकच प्रश्न विचारायचा: ही आज त्रास कमी करते की पुढच्या पाच वर्षांची काळजी घेते? दुसऱ्या गटातली जाते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सगळ्यात आधी. यावर २०१५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आयुष्य महिनाभर ते वर्षभर उरलंय असं वाटणारे ३८१ रुग्ण. ज्यांची स्टॅटिन बंद केली त्यांचं साठ दिवसांत काही बिघडलं नाही, उलट त्यांना जरा बरंच वाटत होतं. कॅल्शियम, जीवनसत्त्वं, लोह, हाडं भरण्याच्या गोळ्या, कधीच हार्ट अटॅक न आलेल्याची ॲस्पिरिन, या सगळ्या त्याच दिवशी बंद करता येतात. स्टेंट नुकताच पडला असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला हात लावू नये.

बीपीच्या गोळीचं वेगळं. खाणं घटलं, वजन उतरलं की बीपी आपसूक खाली येतं आणि तीच जुनी गोळी चालू राहिली तर माणूस संडासला जायला उठल्यावर कोसळतो. म्हणून आधी डोस कमी, मग बंद. पण मेटोप्रोलॉल-अटेनोलॉल जातीची आणि क्लोनिडिन एका दिवसात तोडायची नाही, छातीचे ठोके आणि बीपी उसळतं.

एका झटक्यात न तोडायची यादी तक्त्यावर लाल शाईने लिहा: मॉर्फिन आणि त्याच्या जातीची, फिट्सची औषधं, तीन आठवड्यांहून जास्त चाललेलं स्टेरॉइड, झोपेच्या-चिंतेच्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरच्या गोळ्या. रुग्णाला गिळता येईनासं होणं म्हणजेसुद्धा औषध झटक्यात तुटणंच. हे घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि कधीकधी आपल्याही येत नाही.

थायरॉइडच्या गोळीबद्दल घरचे फार घाबरतात. तिचा अंश रक्तात निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो. शेवटच्या दिवसांत ती चुकली म्हणून काही होत नाही.

उलट बाजूही लिहितो. हृदय कमजोर असलेल्याची लघवीची गोळी ही 'जुनी गोळी' वाटते, पण तीच धाप रोखून धरते. ती काढायची नाही. गिळणं बंद झालं तर फ्युरोसेमाइड त्वचेखालूनही देता येतं.

डिचोलीकर

आणि शुगर? घरोघरी ग्लुकोमीटर असतं, मुलगा दुबईहून व्हिडिओ कॉलवर रोज आकडा विचारतो.

खाडीकाठ

@डिचोलीकर, आकडा ११० ते २७० च्या मध्ये असला की पुरे. त्याहून घट्ट धरून काही मिळत नाही, बोटं मात्र टोचून टोचून दुखतात. टाइप २ असेल आणि चार चमचे पेजेवर दिवस निघत असेल तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सगळ्यात धोक्याच्या. पहाटे शुगर पन्नासवर येते आणि घाम, बडबड, बेशुद्धी हे सगळं 'शेवट आला' म्हणून खपून जातं. मेटफॉर्मिनही भूक आणखी मारतं. दोन्ही बंद करून फक्त लक्ष ठेवायचं: फार तहान, सारखी लघवी असं काही दिसलं तरच तपासायचं.

टाइप १ असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं, कमी मात्रेत, आणि एकदाच तपासणी. स्टेरॉइड चालू असेल तर ती संध्याकाळी, कारण सकाळी घेतलेल्या डेक्सामेथासोनने शुगर दुपारनंतर चढते. तसंही डेक्सामेथासोन सकाळीच द्यावं. संध्याकाळी दिलं की रुग्ण रात्रभर छताकडे बघत राहतो आणि मग त्यावर झोपेची गोळी सुरू होते.

काजूबोंड

मॉर्फिनचं गणित कोणीतरी एकदा स्पष्ट लिहा ना. चार तासांनी म्हणजे रात्री दोनलाही उठवायचं का?

रात्रपाळी

उठवायचं नाही. साध्या, लगेच विरघळणाऱ्या १० मिग्रॅच्या गोळीचं उदाहरण घेऊ. समजा डोस बसलाय १० मिग्रॅ दर चार तासांनी. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ ला एकेक, रात्री १० ला दोन एकदम, आणि २ ची पाळी टळली. दिवसाचे ६० मिग्रॅ. मध्येच कळ आली तर जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे १० मिग्रॅ. तो दिला म्हणून पुढचा ठरलेला डोस पुढे ढकलायचा नाही. जादाचे डोस दिवसात तीनहून जास्त लागले तर ठरलेला डोसच अपुरा आहे, डॉक्टरांना कळवा. याआधी मॉर्फिन कधी घेतलेलं नसलेल्या वयस्क माणसाची सुरुवात मात्र १० ने होत नाही, अडीच ते पाचने होते.

चिठ्ठीवर 'एसओएस', म्हणजे 'लागेल तेव्हा', लिहिलं की घरचे त्याचा अर्थ 'अगदी जिवावर बेतलं तरच' असा लावतात आणि रुग्ण कण्हत राहतो. तक्त्यावर 'एसओएस' हा शब्दच नको. लिहा: 'मध्येच दुखलं तर ही एक गोळी. तासाभरात उतरलं नाही तर परत एक. तरीही नाही तर फोन.'

दोन औषधं मॉर्फिनच्या पहिल्याच दिवशी सुरू झाली नसतील तर विचारा. एक पोट साफ होण्याचं: बिसाकोडिल, म्हणजे दुकानात डल्कोफ्लेक्स म्हणून मिळतं ते, ५ ते १० मिग्रॅ रात्री, आणि मॉर्फिन चालू आहे तोवर रोज. मळमळ आठवड्याभरात जाते, बद्धकोष्ठ जात नाही. दुसरं मळमळीचं, पहिल्या आठवड्यापुरतं: मेटोक्लोप्रामाइड किंवा रात्री हॅलोपेरिडॉल. पार्किन्सन असेल तर ही दोन्ही चालत नाहीत, अंग आणखी ताठतं, तिथे डोमपेरिडोन.

पेडण्याचो

पोटासाठी इसबगोल आमच्याकडे घरोघरी देतात, ते चालेल ना? नैसर्गिक आहे.

रात्रपाळी

नाही चालणार. इसबगोल भरपूर पाणी मागतं. रुग्ण दिवसाला दोन पेले पाणी पितो, आतडं मॉर्फिनने मंद झालेलं. तो लगदा आत जाऊन सिमेंटसारखा बसतो. मग कडेकडेने पातळ झिरपतं, घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि जुलाबाची गोळी दिली जाते. तीन दिवस पोट साफ नाही आणि आता पातळ होतंय, असं कोणी म्हणालं की आधी गुदद्वाराशी खडा अडकलाय का ते नर्सने बोट घालून बघायचं.

ज्येष्ठमधाचं चूर्ण, काढे हेही तक्त्यावर लिहून घ्या. स्टेरॉइड आणि लघवीची गोळी चालू असताना ज्येष्ठमध पोटॅशियम आणखी उतरवतं.

मांडवीपार

किडनीचं कोणी बोललं नाही. क्रिएटिनिन चढलेलं असेल तर मॉर्फिनचे उपपदार्थ शरीरात साठतात. खूण डोळ्यांना दिसते: हात मध्येच झटका बसल्यासारखे उडतात, कपातलं सांडतं, भिंतीवर मुंग्या दिसतात. घरचे म्हणतात दुखतंय म्हणून हलतोय, आणि आणखी एक गोळी देतात. गाडी उलट्या दिशेने चालली. अशा वेळी डोस कमी करून पाळ्यांमधलं अंतर सहा-आठ तासांवर नेतात किंवा फेंटानिलवर जातात, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं, कातडीवर चिकटवायच्या पॅचमधून जाणारं औषध. हात उडायला लागले की जादा डोस देण्याआधी फोन, एवढं वाक्य तक्त्यावर हवंच.

फेंटानिलचा पॅच गोव्याच्या हवेत मोठं दुखणं आहे. एप्रिल-मेच्या घामात कडा सुटतात, पावसाळ्यात कातडी कायम ओलसर. जागा नुसत्या पाण्याने पुसायची, साबण-तेल-पावडर काही नाही, पूर्ण कोरडी होऊ द्यायची. केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा नको, ओरखड्यातून औषध जास्त शिरतं. पॅच लावून तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचा, वर पारदर्शक ड्रेसिंग. भ्रम होत असेल तर पाठीवर वरच्या बाजूला, हात पोचणार नाही तिथे. ड्रेसिंगवर तारीख आणि वेळ. ७२ तासांनी नवा, दुसऱ्या जागी, आणि जुना काढल्यावरच नवा. दोन पॅच एकदम अंगावर राहण्याची चूक होते, कारण पाठीवरचा दिसत नाही.

उष्णतेने पॅच जास्त सुटतो. गरम पाण्याची पिशवी त्यावर नको. ताप ४० अंशांवर गेला तर रक्तातलं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं, म्हणून ताप आला की आधी तो उतरवायचा.

आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत नवा पॅच सुरू करण्यात अर्थ नाही. पूर्ण असर यायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि अंगावर चरबी उरलेली नसली तर किती शिरेल याचा नेम नाही. आधीपासून असेल तर ७२ तासांनी बदलत तसाच चालू ठेवायचा आणि त्याउपर राहणारं दुखणं त्वचेखालच्या मॉर्फिनने सांभाळायचं.

काजूबोंड

२५ चा (तासाला २५ मायक्रोग्रॅमचा) पॅच म्हणजे मॉर्फिनच्या किती गोळ्या?

मांडवीपार

तोंडाने दिवसाला ६० मिग्रॅच्या आसपास. म्हणजे वर 'रात्रपाळी' यांनी दिलेल्या उदाहरणाएवढं. 'छोटासा चिकटपट्टीचा तुकडा' समजून कधी मॉर्फिन न घेतलेल्या आजीला लावण्याची वस्तू नाही ती.

रात्रपाळी

आता गिळणं थांबल्यावर. खूण अशी की पाणी देताना ठसका लागतो, गोळी गालातच सापडते, औषध घेऊन झाल्यावर आवाज ओलसर येतो. त्या दिवशी नव्हे, त्याच्या आठवडाभर आधी सामान घरात असायला हवं. एकदा ठसका सुरू झाला की साधारण दोन-तीन दिवसांत तोंडाचा मार्ग बंद होतो, आणि तो शनिवारीच बंद होतो असा नियम असावा.

संथ विरघळणारी गोळी कधीही कुटायची नाही. बारा तासांचा डोस एकदम सुटतो. साधी गोळी पाण्यात विरघळवून देता येते: १० मिग्रॅची गोळी १० मिली पाण्यात, ढवळून लगेच ५ मिली म्हणजे ५ मिग्रॅ. उरलेलं ठेवायचं नाही, तळाशी बसतं आणि पुढचा डोस एकतर नुसतं पाणी नाहीतर सगळं औषध. घरच्या चमच्याने मोजायचं नाही. आमटीचा चमचा, चहाचा चमचा, प्रत्येक घरात वेगळा.

त्यानंतर त्वचेखालून. २४ किंवा २५ नंबरची बटरफ्लाय सुई, जिला आपण स्काल्प व्हेन म्हणतो, गळ्याच्या हाडाखाली छातीवर किंवा दंडावर, ४५ अंशांत सरकवून पारदर्शक ड्रेसिंग. सुजलेल्या भागात नाही, पोटात पाणी असेल तर पोटावर नाही. शिरेतून देण्याची गरज नसते आणि घरी शीर सांभाळणंही होत नाही. जागा लाल, कडक किंवा दुखरी झाली नाही तर ती ३ ते ७ दिवस टिकते. एका वेळी २ मिलीपेक्षा जास्त नको.

चुकतं कुठे? पहिल्याच डोसला. त्या बारीक नळीत ०.३ ते ०.४ मिली औषध मावतं. डोस अर्धा मिलीचा. नळी रिकामी ठेवून दिला तर बहुतेक डोस नळीतच राहिला, आणि घरचे म्हणतात सुईने काही फरक पडला नाही. म्हणून नळी आधी सलाइनने भरून घ्यायची, आणि प्रत्येक डोसनंतर अर्धा मिली सलाइन हळू ढकलायचं.

मात्रेचं गणित: तोंडाने दिवसाला ६० तर त्वचेखालून त्याच्या निम्मं, ३०. दर चार तासांनी ५ मिग्रॅ. रात्रीची दुप्पट इथे करत नाहीत, सगळ्या पाळ्या सारख्या.

बोंदरवाडा_फार्मसी

इथे एक जोरात अधोरेखित करतो. मॉर्फिनची अँप्यूल दोन ताकदींची मिळते, १० मिग्रॅ प्रति मिली आणि १५ मिग्रॅ प्रति मिली. दोन्ही १ मिलीच्या, दोन्ही दिसायला सारख्या. फोनवर 'अर्धी अँप्यूल द्या' म्हटलं तर एकीत ५ मिग्रॅ, दुसरीत साडेसात. पुरवठा बदलला की घरात आलेली खोकी बदलते आणि सूचना जुनीच राहते. तसंच तगमगीवरचं मिडाझोलम: १ मिग्रॅ प्रति मिलीची मोठी बाटली आणि ५ मिग्रॅ प्रति मिलीची छोटी अँप्यूल. पाचपटीचा फरक.

म्हणून सूचना कायम मिग्रॅ आणि मिली दोन्हींत. 'मॉर्फिन ५ मिग्रॅ = ०.५ मिली (१० ची अँप्यूल)'. नवी खोकी आली की ओळ खोडून नवी लिहायची, वरून गिरवायची नाही.

आणि १ मिलीची साधी सिरिंज वापरा. इन्सुलिनची ४० युनिटांची सिरिंज घरात पडलेली असते म्हणून तीच घेतात. तिच्यावर अर्धा मिली म्हणजे २० ची रेघ. ५ मिग्रॅ म्हणून कोणी ५ च्या रेघेपर्यंत भरलं तर डोसाचा चौथा हिस्सा गेला.

वाळपईची_वाट

सामानाच्या पेटीत नक्की काय काय?

रात्रपाळी

चार दुखणी, चार औषधं. वेदना आणि धाप यासाठी मॉर्फिन. तगमग, फिट यासाठी मिडाझोलम, अडीच ते पाच मिग्रॅ. मळमळ आणि भ्रम यासाठी हॅलोपेरिडॉल, अर्धा ते दीड मिग्रॅ. घरघर लागली तर ग्लायकोपायरोलेट ०.२ मिग्रॅ किंवा हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड २० मिग्रॅ. सगळी त्वचेखालून देता येतात. डायझेपाम आणि क्लोरप्रोमझिन त्वचेखाली देऊ नये, कातडी जाळतात. पेटीत शिवाय दोन बटरफ्लाय, दहा सिरिंज, सलाइनच्या छोट्या बाटल्या, ड्रेसिंग, सुयांसाठी जाड प्लास्टिकची बरणी, आणि डॉक्टरांनी सही करून लिहिलेला कागद. तो कागद नसला तर भेटीला आलेली नर्स अँप्यूल फोडू शकत नाही आणि पेटी शोभेची राहते.

फिट्सचं औषध चालू असणाऱ्यांचं वेगळं ठरवा. फेनिटोइन त्वचेखालून जात नाही. लेव्हेटिरॅसिटॅम देतात, किंवा चोवीस तासांत २० ते ३० मिग्रॅ मिडाझोलम. घरच्यांच्या हातात नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे असलेला बरा. एका फवाऱ्यात किती मिग्रॅ ते बाटलीवर बघून तक्त्यावर 'इतके फवारे' असं लिहा.

सिरिंज पंपाने, म्हणजे औषध हळूहळू ढकलत राहणाऱ्या यंत्राने, देत असाल तर मॉर्फिन, मिडाझोलम आणि ग्लायकोपायरोलेट एका सिरिंजमध्ये चालतात. डेक्सामेथासोन त्यात घालू नका, गढूळ होतं. ते सकाळी वेगळं.

डिचोलीकर

घरघर सुरू झाली की घरचे फार घाबरतात. घशातली लाळ ओढून काढायचं सक्शन मशीन भाड्याने आणतात.

खाडीकाठ

सक्शन खोल घातलं की खोकला, ओकारी, रक्त. आधी कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा, तोंडातली लाळ कापसाने टिपून घ्या. पुष्कळदा तेवढ्याने आवाज निम्मा होतो. औषध नवी लाळ थांबवतं, साचलेली सुकवत नाही, म्हणून आवाज सुरू होताच द्यायचं, सहा तासांनी नव्हे. आणि घरच्यांना सांगायचं की हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, त्यांना बहुतेक कळतही नाही. ज्याच्या कपाळावर आठी नाही त्याला त्रास नाही.

धापेसाठीही ऑक्सिजन मशीन येतं. रक्तातला ऑक्सिजन ठीक असेल तर तोंडावर, गालांवर वारा लागेल असा टेबलफॅन तितकंच काम करतो. मशीन असलंच तर पावसाळ्यात वीज जाते हे धरून चाला. सत्तरीत एक झाड तारेवर पडलं की रात्र अंधारात.

रात्रपाळी

तगमगीवर मिडाझोलम देण्याआधी चार जागा बघायच्या. बेंबीखाली हात लावा: मूत्राशय फुगलंय का? तुंबलेली लघवी हे तगमगीचं अगदी नेहमीचं कारण, आणि ग्लायकोपायरोलेटने ती आणखी तुंबते. नळी घातली की माणूस दोन मिनिटांत शांत. मग पोट. मग कूस, चादरीची घडी, पाठीवरची जखम. चौथी जागा कोणी बघत नाही: तंबाखू. चाळीस वर्षं रोज मशेरी लावणाऱ्या आजीची मशेरी हात चालेनासे झाल्यापासून बंद झालेली असते आणि कोणाच्या ध्यानातही नसतं. निकोटिनचा पॅच लावता येतो. रोज दोन पेग फेणी घेणाऱ्याचंही तेच. दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत हात कापणं, भास. पहिल्याच भेटीला विचारून तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. लाजेने सांगत नाहीत, म्हणून एकट्याला बाजूला घेऊन विचारा.

पेडण्याचो

एक विचारतो, रागावू नका. 'सुई दिली आणि तासाभरात गेले' असं गावात बोलतात. मग दुसऱ्या घरात मॉर्फिन घेऊ देत नाहीत.

मांडवीपार

रागवायचं काय त्यात. दर चार तासांनी सुई दिली जात असेल तर मृत्यू कधीही आला तरी तो कुठल्या तरी सुईनंतर चार तासांच्या आतच येणार. कोणती ना कोणती सुई शेवटची ठरणारच. हे त्याआधी, माणूस बोलत-चालत असताना सांगायला हवं. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. आणि ज्याने सुई दिली त्याच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे एकट्या सुनेवर ते काम टाकू नका.

योग्य मापाने वाढवलेलं मॉर्फिन श्वास बंद करत नाही. जास्त झालं तर ते सांगून येतं: आधी हाक मारून उठेनासा होतो, बाहुल्या टाचणीएवढ्या, मग श्वास मिनिटाला आठच्या खाली. तक्त्यावर लिहा, 'हाकेला डोळे उघडत नसतील तर पुढचा डोस देण्याआधी फोन'. खरोखरचे शेवटचे तास असतील तर झोप येणारच, तेव्हा फोनवर ठरेल. डोस आपणहून बंद करायचा नाही.

बोंदरवाडा_फार्मसी

पुरवठ्याबद्दल थोडं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक' ठरली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता एकच परवानगी पुरते, ती राज्याचा औषध नियंत्रक देतो. गोव्यात ते अन्न आणि औषध प्रशासन. बहुतेक औषधांच्या दुकानांत मॉर्फिन मिळणार नाही, तिथे फेऱ्या मारू नका, आपल्याला जवळची मान्यताप्राप्त संस्था कोणती ते तिथे विचारून ठेवा.

गोळ्या मोजून मागा. दिवसाला ६ ठरलेल्या, जादाच्या २, म्हणजे ८. चौदा दिवसांच्या ११२. गणेश चवथीच्या आधी आठवडाभर जास्तीची सोय करा. चवथीला दुकानं बंद, नर्स गावी, गाडी मिळत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात येणाऱ्यांनी चिठ्ठीची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र गोळ्यांबरोबरच ठेवावं, हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर कोणी पिशवी उघडली तर बोलायला लागत नाही. तिकडच्या डॉक्टरांनाही तेच पत्र लागतं.

साठवण: पट्टीतून गोळ्या काढून स्टीलच्या डब्यात भरू नका. जुलैत दोन दिवसांत मऊ पडतात. मॉर्फिन कुलपात, रोज रात्री मोजून आकडा तक्त्यावर. संशय म्हणून नव्हे. आकडा जुळला नाही तर बहुतेक वेळा कोणीतरी डोस दोनदा दिलेला असतो किंवा दिलेलाच नसतो, ते तेव्हाच कळतं.

उरलेलं औषध शेजारच्या आजोबांना द्यायचं नाही. जिथून आणलं तिथे परत. केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये जी १७ औषधं संडासात सोडून पाणी टाका म्हणून यादी काढली त्यात फेंटानिल आहे. पण आपल्या वाड्यांवर शोषखड्डा आणि विहीर हाताच्या अंतरावर असतात, म्हणून मी परत करा असंच सांगतो. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं: चिकट बाजू आत घडी घालून सुयांच्या बरणीत. लहान पोर असलेल्या घरात कचऱ्याच्या बादलीत तर अजिबात नाही.

वाळपईची_वाट

घरी झेपणार नसेल तर लोटलीला शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना ठेवून घेणारं, तेही तक्त्याच्या मागे लिहा. नाव-पत्ता आधी माहीत असला की ऐनवेळी १०८ ला फोन करून आयसीयूत पोचणं टळतं.

रानमोगरा (धागाकर्ती)

सगळं उतरवून घेतलं. तक्ता असा झालाय, अजून सांगा.

कागद आडवा, ए-थ्री, जाड. डावीकडे वेळा: सूर्य उगवताना, डोक्यावर, मावळताना, चंद्र, अशी चित्रं आणि शेजारी ६-१०-२-६-१०. रात्रीच्या बाया बऱ्याचदा कर्नाटकातल्या किंवा झारखंडच्या, मराठी वाचता येत नाही, म्हणून चित्रं. प्रत्येक ओळीत औषधाचं नाव, कशासाठी ते एका शब्दात ('दुखणं', 'पोट', 'उलटी'), मिग्रॅ, मिली किंवा गोळी, आणि देणाऱ्याच्या सहीचा चौकोन. उजवीकडे तीन पट्ट्या: 'मध्येच दुखलं तर', 'गिळता येत नाही तर', 'फोन करा जर'. तिसऱ्या पट्टीत हात उडणं, हाकेला न उठणं, तीन दिवस पोट साफ नाही, लघवी आठ तास नाही, ताप. खाली लाल ओळीत झटक्यात न तोडायची औषधं. कोपऱ्यात तंबाखू-मशेरी-दारू. मागे फोन: दिवसाचा, रात्रीचा, रविवारचा, तिन्ही वेगळे.

बंद केलेल्या गोळ्यांची ओळ पुसायची नाही, त्यावर आडवी रेघ आणि तारीख. नाहीतर पुण्याहून आलेली मुलगी 'बाबांची बीपीची गोळी कुठाय' म्हणून परत सुरू करते.

बोंदरवाडा_फार्मसी

अँप्यूलची ताकद लिहायला वेगळा चौकोन काढा. मिग्रॅ-मिलीच्या चौकोनात कोंबली तर दाटीवाटी होते आणि रात्री टॉर्चच्या उजेडात १० चे १५ वाचले जातात.

रात्रपाळी

+१. आणि तक्ता चुलीच्या भिंतीवर नको, वाफेने शाई पसरते. फ्रिजच्या दारावर लावा.

रानमोगरा (धागाकर्ती)

चौकोन वेगळा केला. फ्रिजचं दार ठरलं. शाईचं पेनही बदललंय, बॉलपेन.